‘संडासला गेले’ म्हणजे नक्की काय झाले?

रुग्णसेवक म्हणून काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींना मी गेली काही वर्षे शिकवते आहे. त्यातील एका तासाचे वेळापत्रकातील नाव ‘उत्सर्जनविषयक सेवा’ असे आहे. हे नाव फळ्यावर लिहिले की वर्ग शांत होतो, कारण ते कोणालाच कळलेले नसते. आणि हा शू-शीचा तास आहे असे सांगितले की सगळ्या मुली तोंडावर ओढणी घेऊन हसतात. मग मी प्रत्येकीला आपापल्या घरात वापरला जाणारा शब्द फळ्यावर लिहायला लावते. संडासला, बाथरूमला, परसाकडे, झाड्याला, बाहेरच्या बाजूला, एक नंबरला, दोन नंबरला, असा फळा दहा मिनिटांत भरतो.

भरलेल्या फळ्याकडे बघताना एक गोष्ट दर वर्षी नव्याने जाणवते. यांतले बहुतेक शब्द जागेची नावे आहेत. परस म्हणजे घरामागची मोकळी जागा, संडास म्हणजे खोली आणि बाथरूम म्हणजे तर अंघोळीची खोली. माणूस कोठे गेला एवढेच आपली भाषा सांगते आणि तेथे काय झाले याविषयी सभ्यपणे मौन पाळते. घरात हे मौन शोभते, परंतु वॉर्डातल्या वहीत ‘आजोबा संडासला गेले’ असे लिहिलेले असेल, तर आजोबांना शौचास झाली, की नुसते बसून कुंथून परत आले, की वाटेतच लघवी झाली, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. ‘बाथरूमला जायचे आहे’ असे म्हणणाऱ्या एका काकूंना नव्या मुलीने गरम पाणी काढून अंघोळीच्या तयारीने नेल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

म्हणून रुग्णाशी बोलण्याचा शब्द आणि वहीत लिहिण्याचा शब्द असे दोन स्वतंत्र साठे मी मुलींना करायला लावते. आजी ज्या शब्दाने सांगतील तोच शब्द त्यांच्याशी बोलताना वापरायचा. ‘परसाकडे’ म्हणणाऱ्या आजींना ‘मोशन झाली का?’ असे विचारू नये, कारण कित्येकदा संकोचाने त्या नुसती मान हलवतात आणि ती होकाराची आहे असे आपण समजतो. वहीत मात्र लघवी, शौच, शंका, प्रमाण, रंग, वेळ हे नेमके शब्दच आले पाहिजेत. शंका हा शब्द मला विशेष आवडतो. लघुशंका आणि दीर्घशंका या शब्दांतली शंका म्हणजे जाण्याची भावना, आणि भावना होणे व प्रत्यक्ष विसर्जन होणे या वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्या जुन्या शब्दांत आधीपासूनच नोंदलेले आहे. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण 150 ते 250 मिलिलिटर लघवी साठली की पहिली शंका येते. ती आली पण लघवी झाली नाही, ही नोंद ‘काही नाही’ या नोंदीहून फार निराळी आहे.

‘लघवी झाली नाही’ या वाक्यावर तर मी अर्धा तास घालवते. त्याचे दोन अर्थ होतात. पहिला असा की मूत्रपिंडात लघवी तयारच होत नाही. चोवीस तासांत 400 मिलिलिटरपेक्षा कमी लघवी होत असेल तर त्याला मूत्राल्पता म्हणतात, आणि गंभीर रुग्णाच्या बाबतीत तर तासाला 30 मिलिलिटरच्या खाली गेले की लगेच सिस्टरला सांगायचे असते. दुसरा अर्थ असा की लघवी तयार होते आहे, मूत्राशयात साठतेही आहे, पण बाहेर पडत नाही. यालाच आपण लघवी तुंबणे म्हणतो. पहिल्यात ओटीपोट मऊ लागते, तर दुसऱ्यात ते टणक होते, रुग्ण तळमळतो, त्याला एका जागी पडवत नाही. उपचार दोन्हींचे वेगळे असतात, आणि हा फरक सर्वांत आधी ज्याच्या लक्षात येऊ शकतो तो माणूस डॉक्टर नसून खाटेजवळ बसलेला रुग्णसेवक असतो.

तुंबण्याची एक फसवी तऱ्हा आहे आणि तिने मलाही एकदा फसवले आहे. मी वॉर्डात नोकरीला असताना हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्या एका आजोबांच्या बाबतीत रात्रपाळीच्या मामांनी ‘लघवी सारखी होते आहे, कंट्रोल नाही, चादर दोनदा बदलली’ असे सांगितले आणि मी तसेच लिहून पुढच्या रुग्णाकडे वळले. पहाटे ओटीपोटाला हात लावला तेव्हा ते भोपळ्यासारखे फुगलेले होते. कॅथेटर, म्हणजे मूत्राशयातून लघवी काढण्याची नळी, घातल्यावर पिशवीत नऊशे मिलिलिटरपेक्षा जास्त लघवी उतरली. रात्रभर जे गळत होते ते भरून वाहणारे पाणी होते; पावसाळ्यात गटार तुंबले की रस्त्यावर पाणी येते, त्यातलाच हा प्रकार. तेव्हापासून ‘कंट्रोल नाही’ हा शब्दप्रयोग मी वहीत चालू देत नाही. खोकताना, शिंकताना थोडी गळते का, शंका आल्यावर थांबवताच येत नाही का, सतत थेंब थेंब ठिबकते का, की सगळे ठीक असूनही गुडघ्यांमुळे वेळेवर पोचता येत नाही, या चार गोष्टी चार निरनिराळ्या वाक्यांत लिहायच्या. शेवटच्या प्रकारात तर औषधापेक्षा खाटेजवळ ठेवलेली कमोडची खुर्ची अधिक उपयोगी पडते.

शौचाच्या बाबतीतही हीच फसगत होते. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना घरी चार दिवस पातळ शौचास होत होती, म्हणून घरच्यांनी जुलाब थांबवण्याच्या गोळ्या सुरू केल्या होत्या. वस्तुतः त्याआधी आठ-नऊ दिवस त्यांना शौचास झालेलीच नव्हती. गुदाशयात मळाचा कठीण खडा अडकला होता आणि त्याच्या कडेने वरचा पातळ मळ तेवढा झिरपत होता. गोळ्यांनी तो खडा आणखी घट्ट बसला. ‘शेवटची नीट शौचास कधी झाली?’ हा एक प्रश्न कोणी विचारला असता तर पुढचे टळले असते. दर वेळेस थोडे, पातळ, दुर्गंधीयुक्त आणि नकळत होणारे विसर्जन दिसले, तर जुलाब असा निष्कर्ष न लिहिता जे दिसले तेवढेच लिहावे, असे मी सांगते. निदान करणे हे आपले काम नाही.

जे दिसले ते कसे लिहावे, यासाठी एक सोय उपलब्ध आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे लुईस आणि हीटन यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला शौचाच्या सात प्रकारांचा तक्ता आता जगभर वापरला जातो. पहिला प्रकार सुट्या कठीण गोळ्यांचा. याला आमच्या मुली एकमुखाने ‘शेळीच्या लेंड्या’ म्हणतात आणि याहून अचूक वर्णन मला सुचलेले नाही. तिसरा आणि चौथा प्रकार निरोगी समजतात, तर सातवा निव्वळ पाण्यासारखा असतो. मधल्या प्रकारांसाठी मुली पिठले, शिरा, खिमट असे शब्द सुचवतात आणि मग वसतिगृहात दोन दिवस पिठल्याला कोणी हात लावत नाही. शिवाय एका घरचे पिठले दुसऱ्या घरच्यापेक्षा पातळ असते. म्हणून वहीत सरळ प्रकाराचा आकडा लिहावा, हे उत्तम.

रंगाचीही नोंद हवी, आणि तिच्यासोबत रुग्णाने काय खाल्ले व कोणती औषधे घेतली तेही. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळी होते. पण ती डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची असेल तर पोटात वरच्या भागात रक्तस्राव होत असण्याची शक्यता असते व क्षणभरही न थांबता कळवावे लागते. क्षयाच्या औषधांपैकी रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लालसर होते. हे आधी सांगितलेले नसेल, तर रुग्ण रक्त समजून घाबरतो आणि गोळ्याच बंद करतो.

साधनांच्या नावांत फारसे अवघड काही नाही. पुरुषांसाठीच्या लघवीच्या बाटलीला सगळीकडे युरिन पॉटच म्हणतात आणि बेडपॅनला भांडे. कॅथेटरला नातेवाईक ‘पिशवी लावली आहे’ असे म्हणतात, आणि या शब्दामुळे सगळ्यांचे लक्ष नळीऐवजी पिशवीवर राहते. सोळा नंबरचा कॅथेटर म्हणजे सोळा भागिले तीन, साधारण सव्वापाच मिलिमीटर जाडीची नळी. ती कोठे पिळली तर नाही ना, हे आधी पाहायचे. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकणारी हवी. रुग्णाला स्ट्रेचरवर घेताना पिशवी उचलून त्याच्या पोटावर ठेवण्याची एक सर्रास सवय आहे; त्यामुळे साठलेली लघवी उलटी मूत्राशयाकडे जाऊ शकते आणि तिच्याबरोबर जंतूही.

एक शब्द मात्र मी वर्गात पूर्णपणे बंद केला आहे, तो म्हणजे ‘घाण’. ‘आजोबांनी घाण केली’ हे वाक्य खाटेशेजारी उभे राहून, आजोबांच्या देखत उच्चारले जाते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यासमोर धोतराची गाठही सैल केली नाही, त्यांच्या कानावर ते पडते, आणि मग ते पाणी पिणे कमी करतात, शंका आली तरी सांगत नाहीत. लघवी गडद होते, खडा धरतो, कातडी ओली राहून सोलते. ‘लहान मुलासारखे’ आणि ‘लंगोट’ हे शब्दही याच कारणासाठी मी टाळायला लावते. ‘काका, पॅड बदलू या का?’ एवढे पुरते. त्याआधी पडदा ओढलेला असावा आणि भांडे थंडगार नसावे.

मागच्या तुकडीतील एका मुलीची पहिल्या रात्रपाळीची वही माझ्याकडे तपासायला आली होती. त्यात वरच्या ओळीवर ‘आजी संडासला गेल्या’ असे लिहून खोडलेले होते आणि खाली लिहिले होते: ‘पहाटे 4.10. आजींनी परसाकडे जायचे असे सांगितले. भांडे दिले, पडदा ओढला. शौच नाही, दहा मिनिटे कुंथल्या. लघवी 220 मिली, पिवळी. ओटीपोट मऊ. शेवटची शौच मंगळवारी, असे त्या म्हणतात. सिस्टरना सांगितले.’ त्या दिवशी शुक्रवार होता.