मृगाच्या जागी यू+०९२ई

गोव्यात फोंड्याजवळच्या आमच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) बाबांचा पर्जन्यमापक आहे. पाऊस ते नक्षत्रवार लिहितात: मृगात किती मिलिमीटर, आर्द्रात किती, थेट हस्तापर्यंत. चवथीच्या सुट्टीत मी त्या जुन्या वह्या संगणकात चढवल्या आणि ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एमएस्सी करणाऱ्या भाच्याला विचारलं, आता याचं काय करू?

"मावशी, आर घाल. फुकट आहे."

फुकट म्हणजे तीस दिवसांनी पैसे मागणार, असं मी धरून चालले होते. तसं नव्हतं. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ही आकडेवारीसाठीची संगणकभाषा लिहिली (नावातला 'आर' दोघांचाही) आणि १९९५ पासून ती जीपीएल या मुक्त परवान्याखाली कुणालाही खुली आहे. आर जिथून उतरवायचं त्या क्रॅन संकेतस्थळाच्या पानावर 'विंडोज', मग 'बेस', एवढंच दाबायचं. फाइल उतरेपर्यंत आमच्याकडे दोनदा वीज गेली, ती गोष्ट वेगळी.

फाइल उघडली तर उत्तर आलं: हा प्रोग्रॅम फक्त एक्स-६४, म्हणजे ६४ बिटच्या, विंडोजवर बसतो. माझं विंडोज ३२ बिटचं निघालं. ४.२.० या आवृत्तीपासून आरने ३२ बिट सोडून दिलंय. मग जुन्या आवृत्त्यांच्या यादीतून ४.१.३ उतरवली. ती मुकाट्याने बसली.

खरी गंमत पुढे. वहीची फाइल वाचायला सांगताना विंडोजमधला पत्ता जसाच्या तसा चिकटवला, सी, उलटा स्लॅश, यूजर्स वगैरे. आर म्हणालं, उलटा स्लॅश आणि यू यांच्यापुढे आकडे नाहीत. कसले आकडे? भाच्याला फोन केला. आरमध्ये उलट्या स्लॅशनंतर यू आला की पुढे युनिकोड अक्षराचा क्रमांक येणार, असं ते धरतं. माझ्या 'यूजर्स'मधला यू तिथेच अडकला होता. सगळे स्लॅश सुलटे केले आणि फाइल उघडली.

तर मृग नाहीच! त्या जागी कोनी कंसांत यू+०९२ई, यू+०९४३, यू+०९१७. म, ऋकार, ग. आकडे सगळे बरोबर, नावं मात्र अशी. मघाशी ज्या यूनं अडवलं, तोच आता नक्षत्रांत घुसला होता. विंडोजवरचं जुनं आर देवनागरी अशीच दाखवायचं, ४.२.० पासून ते यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) वापरतं, म्हणून नीट दिसतं. म्हणजे परत ६४ बिटवरच येणं आलं.

रविवारी भाचा पेनड्राइव्ह घेऊन आला. प्रोसेसर ६४ बिटचाच होता. दुकानदारानं वर ३२ बिटचं विंडोज घातलेलं, का ते त्यालाच ठाऊक. ३२ वरून ६४ वर सरळ चढता येत नाही, सगळं पुसूनच घालावं लागतं. फोटो आणि वह्या आधी बाहेर काढल्या. मग नवं आर आणि त्यानंतर आरस्टुडिओ, याच क्रमाने, कारण आरस्टुडिओ ही नुसती मांडणी. आत आर नसेल तर ते आर कुठे आहे म्हणून विचारत बसतं.

या वेळी मृग मृगासारखा दिसला. नक्षत्रवार बेरीज मागितली आणि बाबांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला, तक्ता वरून खाली वाचला.

"मिरग खंय गेलो?"

होता, पण शेवटून दुसरा. आरने नक्षत्रं अकारविल्हे लावली होती: आर्द्रा, आश्लेषा, उत्तरा... पंचांग त्याला कोण सांगणार? 'फॅक्टर', म्हणजे ठरावीक क्रमाचे गट, करून नऊही नावं ओळीनं लिहून दिली तेव्हा मृग वर आला. बाबा वह्या उघडून बेरजा ताडायला बसले. आश्लेषाची चुकली होती. टाइप करताना माझा एक शून्य जास्त पडला होता.