मिसिंगचा चोर सापडला: डिस्ट्रिब्युटरच्या पोटातली दोन इंचांची तार

सापडलं! सहा आठवडे हिरवीच्या, म्हणजे माझ्या १९६६ च्या एमजीबी स्पोर्ट्स कारच्या, ज्या मिसिंगने (इंजिन मधेच ठोका चुकून झटका देणं) झोप उडवली होती, त्याचं कारण काल संध्याकाळी माझ्या तळहातावर होतं. दोन इंचांची, कापडी वेष्टणाची, वरून अगदी धडधाकट दिसणारी, डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगना पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या भागातली) तार. मागच्या वेळी म्हणालो होतो की आता दोन्ही कार्ब्युरेटर उतरवतो. तो बेत रद्द. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर जागच्या जागी आहेत आणि या प्रकरणात त्यांचा काडीचाही दोष नव्हता.

लक्षण पुन्हा एकदा मांडतो, कारण सगळं उत्तर त्यातच होतं. थंड इंजिन, पहिला-दुसरा गिअर, नागपुरातल्या धरमपेठेतली गर्दी, कुठेच त्रास नाही. आयडलिंग एकसारखं. वर्धा रोडला लागून चौथा गिअर टाकला आणि साठ-सत्तरवर पाय हलकाच टेकवून ठेवला, की खापरीच्या अलीकडे पहिला झटका. मग दुसरा. मग कोणीतरी मागून बंपर धरून ओढतंय असं वाटावं इतके. आणि रेस पूर्ण दाबली की सगळं साफ, गाडी सुसाट. पाय सैल केला की मिसिंग परत हजर.

हे सुरू झालं ऐन नवतपात. पारा ४५ च्या आसपास, पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, त्यामुळे ज्याला विचारावं तो एकच सांगायचा: व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणं. मीही ते मनापासून मानलं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर वळवली, फ्लोट बाउलखाली (कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठणाऱ्या वाटीखाली) ॲल्युमिनियमचा पत्रा लावला, मागच्या उजव्या चाकाजवळचा एसयू पंप बाटलीत चालवून पाहिला. धार अखंड. पण तेव्हाच एक गोष्ट खटकायला हवी होती. पेट्रोल कमी पडत असतं, तर पूर्ण रेसमध्ये गाडी आधी रडली असती, कारण तिथेच सगळ्यात जास्त पेट्रोल लागतं. इथे नेमकं उलटं होत होतं. मग मृग कोरडा गेला, आर्द्रात पाऊस आला, हवा गार झाली. ओल्या रस्त्यावर जामठ्यापर्यंत गेलो आणि त्याच जागी तोच झटका. त्या दिवशी व्हेपर लॉकचा विषय माझ्यापुरता संपला.

मधे रोटरने (डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरून एकेका प्लगकडे करंट पाठवणारा तुकडा) एक खोटा दिलासा दिला. परदेशातल्या एका दुकानातून मागवलेला नवा रोटर, वरच्या पितळी पट्टीला रिव्हेट ठोकलेला. अशा रोटरमध्ये रिव्हेटचं खालचं टोक आतल्या दांड्याच्या फार जवळ जातं आणि करंट प्लगकडे जायच्या ऐवजी प्लॅस्टिक फोडून खाली उतरतो. कॉइलची एचटी (हाय टेन्शन, जास्त व्होल्टेजची) वायर पट्टीपासून थोडी वर धरून पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) उघडले, तर ठिणगी पडली. रोटर शाबूत असता तर पडायला नको होती, म्हणजे तो वाया गेलेला. इतवारीतल्या एका जुन्या पार्टवाल्याकडे लुकास-टीव्हीएसचा, बिनरिव्हेटचा, वर्षानुवर्षं डब्यात पडलेला रोटर मिळाला. पॉइंट आणि कंडेन्सरही त्याच डब्यातून घेतले. माझं मत आता पक्कं झालंय: या गाड्यांच्या इग्निशनसाठी चकचकीत खोक्यातला नवा माल घेण्यापेक्षा असा जुना न वापरलेला माल शोधा, मिळाला तर दोन-दोन घेऊन ठेवा. गाडी त्या संध्याकाळी सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी खापरीला झटका.

खरी वाट दाखवली आरपीएम मीटरने. भाच्याला शेजारी बसवून मोबाइलवर काट्याचं स्लो मोशन चित्रण करायला सांगितलं. घरी येऊन पाहिलं तर काटा आधी पडतो, झटका नंतर बसतो. १९६६ च्या एमजीबीवरचा स्मिथ्सचा इलेक्ट्रॉनिक मीटर कॉइलच्या लो टेन्शन (बॅटरीच्या व्होल्टेजच्या) सर्किटमधल्या करंटचे ठोके मोजतो. प्लग, एचटी वायर किंवा कॅप खराब असती तर ठोके पूर्ण मिळाले असते आणि काट्याला काहीच कळलं नसतं. काटा पडतो म्हणजे करंटच तुटतोय. बॅटरी, इग्निशन स्विच, कॉइल, पॉइंट आणि पॉइंटची अर्थिंग, एवढ्याच वाटेवर कुठेतरी. त्या रात्री मी प्लगचा डबा कपाटात परत ठेवला.

बॅटरीवरून कॉइलला थेट तार ओढून, म्हणजे स्विच आणि मीटर दोन्ही वगळून फेरी मारली. (पॉझिटिव्ह अर्थवाल्यांनो, म्हणजे ज्यांच्या गाडीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं आहे, तार निगेटिव्हवरून ओढायची, मी दोनदा तपासली.) मिसिंग तसंच. कॉइल बदलून पाहिली, तसंच. आता उरला फक्त डिस्ट्रिब्युटर. पण गॅरेजमध्ये बोनेट उघडून कितीही रेस मारली तरी इंजिन चुकायचं नाही, आणि जे गॅरेजमध्ये होतच नाही ते शोधायचं कसं, इथे मी आठवडाभर अडकलो.

शेवटी काकांना बोलावलं. गणेशपेठेतल्या काकांबद्दल आधी लिहिलंय. चाळीस वर्षं अँबेसेडरवर हात चालवलेला माणूस, हिवाळी अधिवेशनात रवी भवनाबाहेर बंद पडलेल्या पांढऱ्या गाड्या जागेवर सुरू करून देणारा. अँबेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आणि एमजीबीचं १७९८ सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या बी सिरीजचीच भावंडं, त्यामुळे माझ्या बोनेटखाली त्यांना काहीच परकं वाटत नाही. मी रेस मारून दाखवत होतो, ते दोन मिनिटं ऐकत उभे राहिले.

"तू झटक्यात रेस मारून राहिला भाऊ. रोडवर असा चालवतो का? एका जागी धरून ठेव बरं."

सव्वादोन-अडीच हजारांवर धरून ठेवलं. एक मिनिट, दोन मिनिटं. आणि मग, गॅरेजमध्ये, सहा आठवड्यांत पहिल्यांदाच, फट्. पुन्हा फट्. मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. काकांनी काहीही न बोलता डिस्ट्रिब्युटरवरची व्हॅक्यूमची नळी उपसली आणि तिच्या तोंडात छोटा बोल्ट खुपसला. इंजिन एकदम साफ. नळी लावली, थोड्या वेळात फट्. काढली, साफ. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

"आता समजलं काऊन होऊन राहिलं थे? प्लेट हालते तवा करंट तुटते."

तेवढ्या एका वाक्यात सगळी लक्षणं जागेवर बसली. माझ्या गाडीत व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरमध्ये थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेशी उघडते. आयडलिंगला पाकळी बंद, व्हॅक्यूम पोचत नाही, प्लेट स्थिर. हलक्या पायाने चालवताना व्हॅक्यूम भरपूर, कॅप्सूल पॉइंटची प्लेट ओढून धरते आणि टायमिंग पुढे जातं, म्हणजे ठिणगी लवकर पडते (हाच ॲडव्हान्स). रेस पूर्ण दाबली की व्हॅक्यूम पडतो, प्लेट परत जागेवर येते. म्हणजे प्लेट जागेवर असताना गाडी शहाणी, ओढलेली असताना वेडी. पूर्ण रेसमध्ये मिसिंग का जातं, हे कोडं मी सहा आठवडे पेट्रोलच्या बाजूने सोडवत बसलो होतो.

कॅप आणि रोटर काढून टॉर्च धरली. माझ्या पंचवीस डी फोर मॉडेलच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटची प्लेट खालच्या पक्क्या प्लेटवर फिरते आणि दोघींना जोडणारी एक छोटी लवचिक अर्थिंगची तार असते. मल्टिमीटरचं एक टोक वरच्या प्लेटवर, दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या अंगावर लावलं. ०.३ ओहम, उत्तम. मग व्हॅक्यूमच्या नळीला तोंड लावून हळूच ओढलं. प्लेट गोगलगायीसारखी सरकली आणि आकडा ४, मग ३०, मग कोरा. सोडलं तर परत ०.३. तार काढून दोन बोटांत धरली तर मधोमध एक जागा मऊ लागली. ब्लेडने कापड उभं चिरलं. आत तांब्याचे केसासारखे तंतू सगळे तुटलेले, काळे पडलेले, आणि तुटलेली टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. तार सरळ असली की टोकं भिडायची, वाकली की सुटायची. त्यानंतर अर्थिंगला आधार फक्त दोन प्लेटमधल्या ग्रीस लागलेल्या घासणाऱ्या जागेचा. म्हणून कधी लागायचं, कधी नाही.

दुरुस्ती सोपी वाटली आणि पहिल्यांदा चुकली. घरातली साधी वायरिंगची तार कापून दोन्ही टोकांना झाळ मारली. मीटरवर झकास. पण तार इतकी ताठ की प्लेट ओढली तर परत येईना, म्हणजे ॲडव्हान्स अडकून बसणार. शिवाय झाळ तंतूंमध्ये वर चढते, ती जागा कडक होते आणि पुढच्या वेळी नेमकी तिथेच तुटते. तार हवी बारीकातल्या बारीक तंतूंची. रात्री अकरा वाजता उत्तर हातातच दिसलं: जुन्या मल्टिमीटरच्या प्रोबची वायर! तिचं अंग दोऱ्यासारखं लुळं. अडीच इंच कापली, दोन्ही टोकांना छोटे रिंग टर्मिनल झाळ न मारता क्रिंप केले, प्लेट पूर्ण फिरेल एवढी ढील ठेवून कॅम आणि पॉइंटपासून लांबून वळवली. आता नळी कितीही ओढा, आकडा ०.२ वर ठाम.

पॉइंटमधली फट १५ थाउवर (इंचाचे हजारावे भाग) लावली, स्टॅटिक टायमिंग (इंजिन बंद ठेवून बघायचं ठिणगीचं टायमिंग) १० डिग्रीवर तपासलं आणि आज पहाटे साडेपाचला निघालो. खापरी गेली. जामठा गेलं. चौथा गिअर, सत्तर, पाय हलका, काटा २४०० च्या जरा वर खिळून उभा. बुटीबोरीपर्यंत एकही झटका नाही. परत येताना मुद्दाम पाय हलवून, सैल करून, पुन्हा टेकवून तिला डिवचत होतो. नाहीच. छपरावाचून, ओल्या मातीच्या वासात, त्या इंजिनचा सलग आवाज ऐकत आलो. बर्डीला तर्री पोहे खाल्ले आणि गाडीकडे बघत दुसरी प्लेट मागवली.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट मागवायचं ठरवलं होतं, तेही आता नको. पॉइंटचा दोष नव्हताच, आणि किटची अर्थिंगही त्याच प्लेटवरून जाणार होती. काकांकडच्या भंगारातल्या अँबेसेडरचा अख्खा डिस्ट्रिब्युटर बसवायचा विचारही सोडला. बसेल बहुतेक, पण त्याच्या आतल्या स्प्रिंगा आणि वजनं वेगळ्या इंजिनसाठीची, ॲडव्हान्स जुळणार नाही. त्यातले सुटे भाग मात्र सोन्यासारखे सांभाळतोय.

इथपर्यंत लिहिलं आणि एक गोष्ट डोक्यात आली. अर्थिंगची तार गेली म्हणजे पॉइंटला करंट आणणारी आतली एलटी (लो टेन्शन) तारही त्याच वयाची, तीही प्रत्येक वेळी प्लेटबरोबर वाकते. लिहिणं तसंच टाकून गॅरेजमध्ये जाऊन आलो. तुटलेली नाही, पण टर्मिनलमधून आत शिरते तिथे वेष्टण कडक होऊन तडकलंय आणि नखाने दाबलं तर तुकडा निघतो. तो तुकडा पडून उघडं तांबं अंगाला टेकलं, तर इंजिन तिथल्या तिथे बंद. उद्या रविवारी रामटेकला जायचं ठरलं होतं, घरी डबाही ठरला होता. तो आता पुढच्या रविवारी. प्रोबची दुसरी, लाल वायर अजून शिल्लक आहे, उद्या सकाळी तीच घालतो. कुणी या एलटी तारेचा टर्मिनलमधला रबरी बूच इथे कशापासून बनवला असेल, तर सांगा. जुना माझ्या हातात भुगा झालाय.