आईची बोटं, माझी कात्री

कात्री हातात धरली की अंगठा आत जायचा, पण कात्री मिटायची नाही. लगीनसराईत शिलाई जास्त झाली असेल म्हणून आधी सोडून दिलं. पण गरम पाण्यात हात बुडवून बसले तरी दहा वाजेपर्यंत मूठ वळेना, तेव्हा मात्र आईची बोटं डोळ्यांसमोर यायला लागली. करंगळीकडे कललेली, गाठीगाठींची. तिने आयुष्यभर तेल चोळलं आणि "वात आहे" म्हणत भाकऱ्या थापल्या. आता आपलीही पाळी, हे मी मनोमन ठरवूनच टाकलं होतं.

संधिवातासाठी करतात ती आरए फॅक्टरची रक्ततपासणी निगेटिव्ह आली. घरच्या डॉक्टरांनी ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या आणि तीन महिने तसेच गेले. शेवटी पुण्याला संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी बोटांचे सांधे एकेक करून दाबले, अँटी-सीसीपी ही याच आजाराची दुसरी रक्ततपासणी करायला सांगितली आणि ती पॉझिटिव्ह आली. म्हणजे संधिवातच, ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस.

याच सुमारास एका लॅबचा माणूस जीन टेस्टचं पॅकेज घेऊन दुकानात आला. आजार होणार का, कोणतं औषध लागू पडणार, सगळं थुंकीतून कळणार म्हणे. पैसे मोजायची माझी तयारी होती. त्याचं पत्रक डॉक्टरांपुढे ठेवलं. त्यांनी एका जीनच्या नावाखाली पेनाने रेघ मारली : पीटीपीएन२२. "युरोपातल्या लोकांत हा बदल बराच सापडतो, आपल्याकडे जवळजवळ नाहीच. तुमचा रिपोर्ट चांगला येईल आणि आजार तिथेच असेल."

मग आईचं काय? तर एचएलए-डीआरबी१ नावाच्या जीनचे काही प्रकार असतात. शरीरातल्या प्रथिनांचे तुकडे प्रतिकारशक्तीच्या पेशींपुढे धरायचं काम त्यांचं. हे प्रकार बदललेले तुकडे जरा जास्तच घट्ट धरतात, आणि माझ्या टेस्टमध्ये सापडलेल्या अँटीबॉडीज अशाच तुकड्यांवर उठलेल्या. आईकडून ते आलं असेलही. पण एकसारख्या जुळ्यांत एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो जेमतेम १२ ते १५ टक्के वेळा होतो. हे ऐकून मी गप्पच झाले. जुळ्यांचं असं, तर माझं "पाळी आली" कुठे राहिलं?

मेथोट्रेक्सेट, म्हणजे मला सुरू करायचं ते संधिवाताचं औषध, लागू पडेल का, हेही पत्रकात होतं, एमटीएचएफआर जीनच्या नावाखाली. डॉक्टर म्हणाले, त्यावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून त्यावर कुणी डोस ठरवत नाही. तीन महिने घ्यायचं, लिव्हर आणि रक्त तपासत राहायचं, सूज मोजायची. बस.

गोळी आठवड्यातून एकदाच. मेडिकलवाल्याने मात्र पाकिटावर "रोज १" लिहून दिलं! चिठ्ठी पुन्हा वाचली म्हणून बरं, नाहीतर रोज घेतली असती तर जिवावर बेतलं असतं. तेव्हापासून कॅलेंडरवर दर सोमवारी लाल फुली आणि मंगळवारी फॉलिक अॅसिडची हिरवी.

तीन महिन्यांनी सूज अर्धीच उतरली होती. सल्फासालाझिन हे दुसरं औषध जोडायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी माहेरच्यांबद्दल विचारलं. मामेभावाच्या बाळाला जन्मल्यावर काविळीने काचेत ठेवलं होतं आणि जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी निघालं होतं, हे मी सहज बोलून गेले. त्यांनी लगेच तीच तपासणी लिहून दिली, कारण ते एन्झाइम कमी असेल तर या औषधाने लाल पेशी फुटू शकतात. माझं प्रमाण ठीक निघालं. आनुवंशिकतेची म्हणावी अशी माझी तपासणी झाली ती एवढी एकच, आणि ती त्या पत्रकात नव्हतीच.

दादा मला न्यायला आला होता. त्याने दारातूनच विचारलं, "मला होईल का? टेस्ट करू?" डॉक्टरांनी त्याच्या खिशातल्या पाकिटाकडे बोट दाखवलं. ते जीन असलेल्याने सिगारेट ओढली तर धोका कितीतरी पटीने वाढतो, म्हणाले. टेस्टपेक्षा हे सोडा.

दादा परतीच्या वाटेवर शिरवळला चहाला थांबला. पाकीट काढलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि परत खिशात घातलं. फेकलं नाही अजून. मी मात्र काल चार ब्लाउज कापले.