तिसरा बोल्ट

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये रोज अर्धा क्लच दाबून रांगणाऱ्या गाडीच्या क्लच प्लेटा किती दिवस टिकणार? एका रविवारी गायमुखच्या चढावर माझ्या दीडशे सीसीच्या मोटरसायकलचं इंजिन नुसतं ओरडायला लागलं आणि वेग काही वाढेना. प्लेटा संपल्या होत्या. काम घरीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायचं ठरवलं.

ऑइल काढलं, कव्हर उघडलं, जुन्या प्लेटा काढून रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजवलेल्या नव्या बसवल्या. दोन तासांत एवढं झालं. घोडं अडलं ते शेवटच्या चार बोल्टांवर.

क्लचच्या स्प्रिंगा दाबून धरणारे हे बोल्ट 6 मिलिमीटर जाडीचे असतात. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्यांचा टॉर्क, म्हणजे आवळताना द्यायचा पिळाचा जोर, 10 न्यूटन-मीटर दिला आहे. मी तर या कामासाठी मुद्दाम नवा टॉर्क रेंच आणला होता: मूठ फिरवून आकडा लावायचा, तेवढा टॉर्क झाला की 'टक्' वाजणारा पाना. दुकानदाराला विचारलंही होतं, की मोटरसायकलच्या बारीक बोल्टांना चालेल ना? "सगळ्याला चालतो," म्हणाला. त्या रेंचवरचे आकडे 28 पासून सुरू होऊन 210 पर्यंत जातात. मूठ 28 च्याही खाली सैल फिरवली की अंदाजे 10 येईल, असं मी धरून चाललो. हीच चूक.

बोल्ट आमनेसामनेचे, थोडे थोडे करत आवळत आणले. ती पद्धत बरोबरच होती. मग रेंच लावला आणि 'टक्' आवाजाची वाट बघत राहिलो. पहिला बसला, दुसरा बसला, आवाज कुठलाच नाही. तिसऱ्याला पाना फिरत होता, पण हाताला लागणारा जोर वाढत नव्हता. बोल्ट एकदम मऊ पडल्यासारखा वाटला. त्या क्षणी हात थांबायला हवा होता. मला वाटलं, अजून बसायचा असेल. आणखी पाव फेरा दिला आणि बोल्टचं डोकं पान्यासकट हातात आलं.

हे कळकळीने सांगतोय: पाना फिरतोय आणि घट्टपणा वाढत नाही, याचा अर्थ एक तर बोल्ट ताणला जातोय नाहीतर आतले ॲल्युमिनियमचे आटे निघतायत. आवाजाची वाट बघू नका, तिथेच सोडा. बोल्ट नवा मिळतो. आटे गेले तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) बसवा नाहीतर अख्खा हब, म्हणजे प्लेटा ज्यावर बसतात तो भाग, बदला.

तुटलेला तुकडा हबच्या खांबात, अगदी तोंडाशी सपाट तुटून बसला होता. बारीक पंचाने उलट्या दिशेला टकटक करून पाहिलं, हलेना. इंजिनवरच ड्रिल मारायचा मोह झाला होता, पण चुरा आत पडला असता. शेवटी कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या दादांकडून हब होल्डर, म्हणजे मधला नट फिरवताना हब धरून ठेवायचं अवजार, मागून आणला. होल्डर देताना ते म्हणाले, "मधला नट आवळताना लाव तुझा मोठा रेंच, त्याचं काम तिथे आहे. या बारक्यांना नाही."

हब काढला आणि फडक्यात गुंडाळून वागळे इस्टेटमध्ये एका लेथवाल्या काकांकडे नेला. "काका, आटे वाचतील का?" "घाई नाही केली तर वाचतील." त्यांनी बरोबर मध्यावर पंच मारला आणि 3 मिलिमीटरचं डाव्या फिरकीचं ड्रिल लावलं. ते उलटं फिरतं, म्हणजे बोल्ट सुटायच्या दिशेला. दोनेक मिनिटांत ड्रिलने तुकडा पकडला आणि तो स्वतःच फिरत बाहेर आला. मग त्यांनी हाताने टॅप (आटे पाडायचं अवजार) फिरवून आटे साफ केले. सगळे शाबूत. मला तिथे जो आनंद झाला तो गाडी पहिल्यांदा घरी आणली तेव्हाइतकाच होता.

आता बोल्ट. पार्ट्सच्या काउंटरवर उत्तर मिळालं, "सुटे ठेवत नाही, ऑर्डर टाका, शुक्रवारी या." शुक्रवारी सांगितलं, सोमवारी. चार बारक्या बोल्टांसाठी गाडी आठवडाभर उघडी, प्लास्टिकखाली झाकलेली. म्हणून काम काढण्याआधीच बोल्ट आणि कव्हरचं पॅकिंग घरात आणून ठेवा. बोल्ट वाटेल तो घालू नका. दिसायला सारखा असला तरी लांबी आणि ताकद वेगळी असू शकते.

मधल्या काळात छोटा, 5 ते 25 न्यूटन-मीटरचा रेंच घेतला. त्याने 10 ला स्पष्ट आवाज दिला. काम झाल्यावर मूठ सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायची, नाहीतर आतली स्प्रिंग दाबलेली राहते. छोटा रेंच नसेल तर एक हिशेब आहे: बोल्टच्या मध्यापासून 10 सेंटिमीटरवर साधारण 10 किलोचा जोर म्हणजे जवळपास 10 न्यूटन-मीटर. लांब पाना घेतला की तेवढ्याच जोराचा टॉर्क कितीतरी जास्त होतो, म्हणून बारक्या बोल्टाला आखूड पाना. आटे कोरडे की ऑइल लावलेले, हेही मॅन्युअलमध्ये बघा, कारण ऑइल लावलं की तेवढ्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.

कव्हरचे बोल्ट कमी-जास्त लांबीचे असतात, ते पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या त्या जागी खोचून ठेवले होते. तो पुठ्ठा आठवडाभर जपला, म्हणून एकही चुकला नाही.

नवे चारही बोल्ट लावल्यावर जुने हातात घेऊन पाहिले. चौथ्याला रेंच लागलाच नव्हता, त्याच्यावर नट सरळ शेवटपर्यंत फिरला. पहिल्या दोघांवर, जे मला नीट बसलेले वाटले होते, नट अर्ध्यावर येऊन अडकला. तेही ताणले गेले होते.