पुळणीत हरवलेली अंगठी शोधताना

मी मेटल डिटेक्टर या धातू शोधणाऱ्या मशीनने हरवलेल्या अंगठ्या शोधून देतो. अंगठी हरवल्याचा फोन येतो तेव्हा समोरचा माणूस बहुधा गुडघे टेकून वाळू उपसत असतो. म्हणून माझं पहिलं सांगणं ठरलेलं: आधी हात थांबवा. दोन बोटं खोल पडलेली अंगठी चार जणांनी मिळून उकरायला घेतली की फूटभर खाली जाते, नाहीतर उपसलेल्या ढिगाबरोबर दोन मीटर बाजूला पडते. २२ कॅरेट सोनं वाळूच्या कणापेक्षा साडेसहा पटीहून अधिक जड. ओली वाळू हलली की ते खाली सरकतं आणि शिंपल्यांच्या किंवा घट्ट रेतीच्या थरावर जाऊन थांबतं.

उकरण्याऐवजी जिथे बसला होता तिथे काठी रोवा आणि काठीपाशी उभं राहून चारही दिशांचे फोटो काढा. त्यात सुरूचं झाड, वडापावची टपरी असं काहीतरी न हलणारं दिसलं पाहिजे. (नांगरलेली होडी उद्या हललेली असेल, झाड नाही.) फोनवरचं लोकेशन पाठवाच, पण ते पाच-दहा मीटर इकडेतिकडे असू शकतं आणि माझ्या कामात दहा मीटर म्हणजे एक तास.

मग चौकशी. मशीन चालवणं हा या कामाचा उत्तरार्ध. शंभर मीटरची पुळण दहा मीटरवर आणता आली तर अंगठी मिळण्याची आशा धरावी. नाही आणता आली तर कितीही महागडं यंत्र बाटल्यांची बुचंच काढून देतं.

"अंगठी कुठे पडली?" असं मी विचारत नाही. उत्तर अंदाजपंचे येतं, आणि एकदा तोंडातून गेलं की माणूस त्यालाच धरून बसतो. विचारायचं ते असं: "ताई, अंगठी बोटात होती असं छातीठोक सांगता येईल अशी शेवटची वेळ कोणती? आणि नाही हे कधी लक्षात आलं?" या दोन वेळांच्या मधे काय काय केलं, ते क्रमाने. फोनमधले फोटो इथे फार उपयोगी पडतात. हाताचा भाग मोठा करून पाहायचा. सव्वापाचच्या फोटोत अंगठी आहे आणि पावणेसहाच्या फोटोत बोट मोकळं, तर चौकशी त्या अर्ध्या तासापुरती उरते. काही फोन सेल्फी आरशासारखी उलटी साठवतात, तेव्हा हात डावा की उजवा हे शर्टाच्या खिशावरून ताडून घ्यावं.

अंगठी निसटण्याच्या जागा तशा ठरलेल्या असतात. चेंडू फेकताना, हाताची वाळू झटकताना, पाण्यात लाटेचा तडाखा बसताना. सनस्क्रीन लावायला काढून मांडीवर किंवा चटईवर ठेवलेली अंगठी नंतर चटई झाडताना उडते. मग चटईची जागा सोडून, झाडली त्या दिशेचा दोन-तीन मीटरचा पट्टा आधी पाहायचा. या सगळ्याच्याही आधी गाडीच्या सीटखालची फट, टॉवेलची घडी, ओल्या कपड्यांची पिशवी आणि हॉटेलचं बाथरूम तपासायला सांगतो. लोकांना हे अपमानास्पद वाटतं, पण पेट्रोल वाचतं.

अंगठीची माहितीही हवी: वजन, रुंदी, कॅरेट, खडा, आणि कडं बंद आहे की उघडं. बंद कड्यात विजेचा प्रवाह पूर्ण फेरा मारतो, म्हणून बारीक अंगठीसुद्धा स्पष्ट वाजते. जोडवी उघड्या तोंडाची असतात, त्यामुळे चांदीची आणि जाड असूनही अपेक्षेपेक्षा कमी वाजतात. साखळीचं तर विचारूच नका. तिची प्रत्येक कडी वेगळी आणि चिमुकली. मंगळसूत्र शोधताना मशीनला ऐकू येतात त्या वाट्या आणि फासा, साखळी नव्हे. नाकातली चमकी हरवली असेल तर मी स्वच्छ सांगतो की आशा कमी.

आकड्यांबद्दल एक सूचना. मशीनच्या पडद्यावर धातूप्रमाणे आकडा येतो आणि परदेशी हौशी लोकांनी केलेले त्याचे तक्ते सगळीकडे फिरत असतात. ते बहुतेक १० ते १८ कॅरेटच्या अंगठ्यांवर बेतलेले. आपल्याकडची अंगठी २२ कॅरेटची, म्हणजे मिसळ कमी आणि वीजवहन जास्त. त्याच आकाराची अंगठी आपल्याकडे वरचा आकडा देते. म्हणून तक्ता बाजूला ठेवून मी जोडीदाराची किंवा त्याच घडणीची दुसरी अंगठी मागून घेतो, तिला लाल लोकरीचा हातभर धागा बांधतो (नमुन्याची अंगठी हरवणं परवडणारं नाही), वाळूत चार बोटं पुरतो आणि चारही बाजूंनी कॉइल (मशीनच्या टोकाची गोल तबकडी) फिरवून आवाज कानात बसवतो. स्वतःच्या हातातली अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवायचं.

आता वेळ. कोरड्या वाळूत, भरतीरेषेच्या वर पडलेली अंगठी उद्यापर्यंत थांबू शकते. तुडवातुडव तेवढी कमी व्हावी. ओल्या पट्ट्यात पडली असेल तर प्रत्येक भरती तिला खोल नेते, म्हणून लगेचची ओहोटी गाठायची. कोकणात कोळ्यांचा हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. त्यापुढे साधारण सव्वासहा तासांनी ओहोटीचा तळ. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक गावागणिक पडतो, म्हणून शेवटी भरतीचा तक्ता पाहावाच. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सगळ्यात लांब जातं आणि एरवी कमरेएवढ्या पाण्यात असलेली जागा उघडी पडते. अष्टमीच्या आसपास भांगाला (भरती-ओहोटी सगळ्यात कमी असते तेव्हा) ती तेवढी उघडी पडत नाही. पोहताना हरवलेली अंगठी भांगात शोधण्यापेक्षा आठवडाभर थांबून उधाणाची ओहोटी धरलेली बरी. तळाच्या दोन तास आधी जाऊन, उतरत्या पाण्याच्या मागोमाग खाली सरकत जायचं आणि पाणी वळलं की तासाभरात आवरतं घ्यायचं.

कोकणची वाळू हा स्वतंत्र विषय आहे. रत्नागिरीच्या मालगुंड-पूर्णगड पट्ट्यात इल्मेनाइटची काळी वाळू आहे, इतरत्र बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट, आणि किनाऱ्यालगत लोहाने लाल झालेला जांभा. वर खारं पाणी. साध्या, एका वारंवारतेच्या मशीनला एका वेळी एकच त्रास शांत करता येतो: एकतर खनिजाचा किंवा मिठाचा. ओल्या काळ्या वाळूवर दोन्ही एकत्र आले की ते सतत किरकिरतं. इथे अनेक वारंवारता एकदम वापरणारं मशीन लागतं, बीच मोडवर. उरलेला पर्याय पल्स इंडक्शन जातीच्या मशीनचा. त्याला काळी वाळू आणि मीठ दोन्हीचं फारसं काही वाटत नाही, पण लोखंड आणि सोनं यांतला फरक तो सांगत नाही, म्हणजे प्रत्येक खिळा उकरणं आलं. स्वच्छ पुळणीवर तो उत्तम, विसर्जन झालेल्या किनाऱ्यावर तारा आणि खिळ्यांमुळे जीव नकोसा होतो.

मशीन लावताना चूक होते ती संवेदनशीलतेची. खोल दिसावं म्हणून ती कमाल ठेवतात आणि खोट्या आवाजांत खरा आवाज बुडतो. मी ती मशीन गप्प होईपर्यंत खाली आणतो. ग्राउंड बॅलन्स (वाळूतल्या खनिजांना मशीनने दाद देऊ नये म्हणून केलेली जुळणी) ज्या पट्ट्यात शोधायचं त्याच पट्ट्यात करायचं. कोरड्या वाळूत केलेलं ओल्या वाळूत चालत नाही. पट्टेही पाण्याच्या रेषेला समांतर पाडायचे, म्हणजे एका पट्ट्यात ओल सारखी राहते आणि मशीन पुन्हापुन्हा बिथरत नाही. ११ इंची कॉइलने स्वच्छ वाळूत अंगठी वीतभर खोलीवर सहज कळते, काळ्या वाळूत निम्म्या खोलीवर कळली तरी समाधान मानावं. फोन विमान मोडवर, पायात लोखंडी टोकाचे बूट नकोत.

पट्ट्याची रुंदी हाताच्या आरामशीर झोक्याएवढी, साधारण सव्वा मीटर. कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर आणि टोकाला उचलायची नाही. झोका वर गेला की पट्ट्याच्या दोन्ही कडा न पाहताच राहतात, आणि नवख्याची अंगठी नेमकी तिथेच राहते. प्रत्येक झोका आधीच्या झोक्यावर अर्धा चढला पाहिजे. स्कूपचा (वाळू गाळणाऱ्या भोकाभोकांच्या फावड्याचा) दांडा मागे ओढत नेला की वाळूत रेघ उमटते आणि कुठवर झालं ते कळतं. दहा बाय दहा मीटरचा चौक नीट झाडायला पाऊण ते एक तास जातो. नाही मिळाली तर तोच चौक आडव्या दिशेने पुन्हा, कारण वाळूत कडेवर उभी राहिलेली अंगठी एका बाजूने फारच क्षीण वाजते.

लोखंड सोडून काहीही गाळू नये, म्हणजे मशीनला त्याच्याकडे दुर्लक्ष करायला लावू नये, हा माझा आग्रह आहे. सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद आणि शीतपेयाच्या डब्याची कडी गाळली की बारीक सोन्याच्या अंगठ्याही गळतात. त्यांचे आकडे एकमेकांवर चढतात. सगळं उकरावं लागतं. सर्वांत फसवं ते बाटलीचं बूच. गोल, पोलादी, आवाज सोन्यासारखा गोड. कॉइल हळूहळू मागे ओढून तिचं फक्त टोक त्याच्यावर आणलं की बुचाचा आकडा उड्या मारतो आणि शेपटीला लोखंडाची घरघर येते. अंगठीचा आवाज दोन्ही दिशांनी एकसारखा येतो आणि आकडा एक-दोनच्या पुढे हलत नाही. एक-दोन रुपयांची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची, तीही असाच चकवा देतात.

आवाज पक्का झाला की स्कूप जागेपासून हातभर नाही, पण चार-पाच बोटं तरी मागे रोवायचा, तिरका. थेट वरून मारला तर पोलादी पात्याने सोनं वाकतं, खडा फुटतो. स्कूपची भोकं ८ ते १० मिलिमीटरची. त्याहून मोठ्या भोकांतून लहान मुलांच्या अंगठ्या आणि कानातली निसटतात. वाळू उचलली की आधी खड्ड्यावर कॉइल पुन्हा फिरवायची. अजून वाजतं, म्हणजे वस्तू खालीच आहे. गप्प झालं, म्हणजे स्कूपमध्ये आली. मग स्कूप पाण्यात हलवायचा, वाळू झरझर निघून जाते आणि तळाशी शिंपले, दगड आणि असलीच तर ती. कोरड्या वाळूत पिनपॉइंटर (हातात मावणारा छोटा डिटेक्टर) हाताशी असला की ढिगात चिवडायला लागत नाही. खड्डा बुजवून पुढे. पाण्यात कमरेच्या वर मी जात नाही, पावसाळ्यात मुळीच नाही.

हिरवळीवर पद्धत तीच, फक्त सोपी. भांडणात भिरकावलेली अंगठी असेल तर फेकणाऱ्यालाच त्याच जागी उभं करून एम-८ चा नट फेकायला लावतो. तो साधारण ५ ग्रॅम भरतो, म्हणजे बऱ्याच अंगठ्यांच्या जवळपास. पाच-सहा फेकींत नट कुठवर जातो ते कळतं, आणि माणूस म्हणतो त्यापेक्षा ते अंतर बहुधा वेगळंच निघतं. नटांना रिबन बांधा.

जाण्याआधी ग्रामपंचायत आणि जवळच्या पोलीस ठाण्याला कळवून ठेवतो. किनाऱ्यावर रात्री मशीन घेऊन फिरणाऱ्याकडे संशयाने पाहणं योग्यच आहे. वेळास, आंजर्ले यांसारख्या ठिकाणी हिवाळ्यापासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, घरटं भरतीरेषेच्या वर दीड फूट खोल. त्या पट्ट्यात वनखात्याला विचारल्याशिवाय स्कूप लावायचा नाही. सिंधुदुर्ग, जंजिरा यांसारख्या संरक्षित स्मारकांच्या आवारात मशीन काढायचंच नाही. शोधताना जुनी नाणी लागली तर १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली १० रुपयांहून अधिक किमतीच्या दडलेल्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी द्यावी लागते. आपली वाटणी आपणच ठरवायची नसते.

अंगठी मिळाली तरी लगेच हातात ठेवत नाही. आतल्या बाजूला काय कोरलंय ते आधी विचारतो. जुलै २०२१ पासून हॉलमार्क केलेल्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक असतो. तो पावतीशी किंवा भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर जुळवता येतो. जुन्या अंगठीला फोटो पुरे. पैशाचं आधीच ठरलेलं असतं: जाण्यायेण्याचा खर्च नक्की, बक्षीस मिळाली तरच आणि त्यांच्या खुशीने.

नाही मिळाली तर झाडलेल्या चौकाचे चारही कोपरे झाडापासून आणि टपरीपासून पावलांनी मोजून कागदावर उतरवतो आणि तो कागद त्यांनाही देतो. पुढच्या उधाणाला सुरुवात त्या चौकाच्या बाहेरून. मे महिन्यात हरवलेल्या अंगठीसाठी ऑक्टोबरात पुन्हा एक फेरी ठेवतो: पावसाळी लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात, ती परत भरून यायच्या आत खालचा शिंपल्यांचा थर हाताच्या अंतरावर असतो.