सेल्माचा पूल आणि हार घातलेले रब्बी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या सेल्माला जायचं म्हटल्यावर बायकोचा पहिला प्रश्न, "तिथे बघायला काय आहे?" मी म्हटलं, "एक पूल." तिने उसासा टाकला आणि चहाचा थर्मास भरला.

अटलांटाहून आमच्यासारख्या थांबत थांबत जाणाऱ्यांना चार तास लागतात. माँटगोमेरीपर्यंत मोठा हायवे, तिथून पुढे ८० नंबरचा रस्ता. दोन्ही बाजूंना कुरणं, गुरं, मधूनच एखादं बंद पडलेलं गॅरेज.

मला ओढ होती ती एका फोटोमुळे. तारीख २१ मार्च १९६५. काळ्या नागरिकांना मतदानाचा हक्क मिळावा म्हणून सेल्मा ते माँटगोमेरी निघालेला मोर्चा. पहिल्या रांगेत मार्टिन ल्यूथर किंग, शेजारी नोबेल मिळालेले मुत्सद्दी राल्फ बंच आणि त्यांच्या पलीकडे पांढरी दाढी, विस्कटलेले केस असा एक म्हातारा. गळ्यात फुलांचे हार. हार म्हटल्यावर आपल्याला काही विशेष वाटत नाही, पण अलाबामात हार? ते हवाई बेटांवरून आलेले होते. आणि तो म्हातारा म्हणजे रब्बी, अर्थात ज्यू धर्मगुरू, अब्राहम जोशुआ हेशेल. म्हातारा म्हणतोय खरा, पण तेव्हा ते ५८ वर्षांचे होते. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठे.

पुलाला एडमंड पेटस या माणसाचं नाव आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या बाजूचा हा सेनापती, पुढे सिनेटर झाला. नाव अजून तसंच, कमानीवर ठळक अक्षरांत. पूल जेमतेम ३८० मीटर, पण मध्ये उंच. गावाकडून चढायला लागलं की पलीकडचं टोक दिसत नाही, नुसतं आकाश दिसतं. हे मला फोटोत कधी कळलं नव्हतं. ७ मार्चला निघालेल्या पहिल्या मोर्चातली माणसं अशीच चढत आली आणि माथ्यावर पोचल्यावर त्यांना समोर पोलिसांची भिंत दिसली. मग लाठ्या, अश्रुधूर, घोडे. दोन दिवसांनी किंग यांच्या हाकेला धावून आलेल्या जेम्स रीब नावाच्या गोऱ्या पाद्र्याला सेल्माच्या रस्त्यावर मारहाण झाली आणि ११ तारखेला ते गेले. हे सगळं घडून गेल्यावर हेशेल न्यूयॉर्कहून इथे आले होते.

निघण्यापूर्वी त्यांनी २७वं स्तोत्र वाचलं. आपल्या मराठी बायबलात त्याची सुरुवात आहे, "परमेश्वर माझा प्रकाश व माझे तारण आहे; मी कोणाची भीती बाळगू?" चालून परतल्यावर ते म्हणाले होते की माझे पाय प्रार्थना करत होते. हे वाक्य ऐकल्यावर मराठी माणसाला वारी आठवणारच, मलाही आठवली. पण माझे वडील सहा वेळा पंढरपूरला चालत गेले, वाटेत लोक त्यांच्या पाया पडले, कोणी केळी दिली, कोणी पाय चेपून दिले. पलीकडे लाठी घेऊन कोणी उभं नव्हतं. तुलना तिथेच सोडून दिली.

पुलाखाली, नदीकाठी गाडी लावून चहा घेतला. बायकोने विचारलं, "पण रब्बींना यात पडायचं काय कारण?"

कारण त्यांच्या आयुष्यात होतं. १९०७ साली वॉर्सात हसिदी या ज्यूंमधल्या भक्तिपंथाच्या घराण्यात जन्म. बर्लिनला शिकून बायबलमधल्या संदेष्ट्यांवर प्रबंध. १९३८ च्या ऑक्टोबरात नाझींनी उचलून पोलंडला हाकललं. युद्धाच्या तोंडावर ते लंडनला निसटले, १९४० मध्ये अमेरिकेत पोचले. आई आणि तीन बहिणी मागे राहिल्या, चौघींपैकी एकही वाचली नाही. १९६३ च्या जानेवारीत शिकागोला धर्म आणि वंशभेद या विषयावर परिषद भरली, तिथे किंग यांची गाठ पडली. हेशेल यांनी भाषणाची सुरुवातच अशी केली की या विषयावरच्या पहिल्या परिषदेत मुख्य सहभागी होते फारो आणि मोशे, म्हणजे ज्यूंना गुलाम करणारा इजिप्तचा राजा आणि त्यांना सोडवणारा संदेष्टा! त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना तार केली: काळ्या माणसांचा अपमान करत राहणाऱ्या आपल्याला देवाची भक्ती करायचा अधिकार उरत नाही.

मला सर्वधर्म कार्यक्रम माहीत आहेत ते आमच्या मंडळाच्या हॉलमधले. चार धर्मांचे चार गृहस्थ, समई, शाल-श्रीफळ, 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात', मग बटाटेवडे. हेशेल यांना ते 'एकच' मुळीच पटलं नसतं. कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेत ज्यूंविषयीच्या मसुद्यात ज्यूंच्या धर्मांतराची आशा डोकावली, तेव्हा हेशेल यांनी ठणकावलं की धर्मांतर की मृत्यू असं विचाराल तर मी नाझींच्या ऑशविट्झ छळछावणीत जायला तयार आहे. आणि हे म्हणून घरी बसले नाहीत. १९६४ च्या सप्टेंबरात, योम किप्पुर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या तोंडावर, रोमला जाऊन सहावे पोप पॉल यांना भेटले. २८ ऑक्टोबर १९६५ ला परिषदेचा जाहीरनामा निघाला त्यात धर्मांतराची भाषा नव्हती.

पुढे व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पाद्री आणि रब्बींची संघटना उभी करण्यात ते होते. १९६८ मध्ये वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या जेवणाला किंग त्यांच्या घरी यायचे होते. सण १२ एप्रिलच्या संध्याकाळी लागत होता, किंग ४ एप्रिलला मारले गेले. बायको थर्मासचं झाकण हातात धरून थोडा वेळ नुसती नदीकडे बघत राहिली.

परतताना ब्रॉड स्ट्रीटवर थांबलो. मी पुण्याचा, त्यामुळे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, म्हटलं की कॅम्पातलं लाल देऊळच डोळ्यांसमोर येतं. सेल्माचं मिश्कान इस्राएल सिनेगॉगही लाल विटांचंच, शंभरावर वर्षं जुनं. दार बंद होतं. एकेकाळी या रस्त्यावर ज्यूंची कितीतरी दुकानं होती, आता समाज बोटांवर मोजण्याइतका राहिला आहे. १९६५ मध्ये उत्तरेकडून येणाऱ्या ज्यू मोर्चेकऱ्यांची इथल्या बऱ्याच ज्यूंना धास्ती वाटायची, काहींना रागही यायचा. पाहुणे दोन दिवसांनी विमानाने परत जाणार, यांना मात्र सोमवारी दुकान उघडायचं होतं.

फोटोतल्या दाढीकडे बघत इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्या रांगेत चालत आलो होतो. त्या बंद दारासमोर मात्र बायकोला खरं ते सांगितलं. म्हटलं, "मी असतो ना, तर शटर अर्धं खाली ओढून आतून बघत बसलो असतो."

ती म्हणाली, "अर्धं?"