सुटकेनंतरचे वीस महिने

पुढे आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थॉमस बर्गेन्थाल हे २२ एप्रिल १९४५ रोजी बर्लिनजवळच्या साक्सेनहाउसेन छळछावणीतून सुटले, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखांत वाचायला मिळते. अकरावे वर्ष पुरे व्हायला तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. तारीख बरोबरच आहे, पण मला ती नेहमी अपुरी वाटत आली आहे.

त्या दिवशी हा मुलगा छावणीच्या दवाखान्यात पडून होता. जानेवारीत, तो आधी होता ती ऑशविट्झची छळछावणी रिकामी करताना कैद्यांना तीन दिवस बर्फातून चालवत नेले गेले आणि मग उघड्या मालडब्यांत कोंबले गेले. चेकोस्लोव्हाकियातून गाडी जात असताना पुलांवरच्या माणसांनी खाली पाव टाकले, त्यावर तो तगला; पायाची दोन बोटे मात्र हिमदंशामुळे कापावी लागली. दवाखान्यात ओड नान्सेन नावाचे नॉर्वेजियन कैदी त्याच्यासाठी खाऊ आणत आणि तिथल्या सेवकाला सिगारेटी चारून त्याचे नाव मारायच्या यादीत चढू देत नसत. पुढे एसएसने, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाने, चालू शकणाऱ्या कैद्यांना हाकलत नेले, आजारी मागे राहिले, आणि सोव्हिएत व पोलिश सैनिक आत शिरले तेव्हा हा मुलगा त्या मागे राहिलेल्यांत होता.

त्याच्या हातावर बी-२९३० हा आकडा गोंदलेला होता. वडिलांचा आकडा बी-२९३१. म्हणजे गोंदणाऱ्यापुढच्या रांगेत बाप मुलाच्या लगेच मागे उभा असणार. हे वडील सुटकेच्या तीनच महिने आधी बुखेनवाल्डच्या छळछावणीत वारले होते, आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. आई कुठे आहे, हेही ठाऊक नव्हते.

मग सुटलेला मुलगा जाणार कुठे? एका पोलिश तुकडीने त्याला आपल्याबरोबर घेतले, त्याच्या मापाचा गणवेश शिवला, आणि काही काळ तो सैन्याबरोबर हिंडला. त्यानंतर वॉर्साजवळच्या ओटव्होत्स्क इथल्या ज्यू अनाथालयात तो रीतसर लिहायला-वाचायला शिकला. पॅलेस्टाइनला जाऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या यादीत त्याचे नाव होते, आणि मुलाचा शोध घेणाऱ्या आईचे नाव दुसऱ्या कागदावर होते. हे दोन कागद जुळले, तेव्हा कुठे डिसेंबर १९४६ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन गावी मायलेकांची भेट झाली. माझ्या हिशेबी तो खरा सुटला तो तिथे.

पण तिथेही तो निवला नव्हता. रविवारी रस्त्यावरून आपली मुलेबाळे घेऊन फिरायला निघालेली जर्मन कुटुंबे सज्जातून पाहताना, इथे एक मशीनगन हवी होती, असे त्याच्या मनात येई. मोठेपणी त्यांनी हे लपवले नाही, याचे मला अधिक मोल वाटते. ती भावना हळूहळू ओसरत गेली.

१९५१ मध्ये ते अमेरिकेला गेले, कायदा शिकले, आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाचे न्यायाधीश झाले, आणि २००० ते २०१० अशी दहा वर्षे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बसले. त्याआधी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरच्या यादवीतील अत्याचार तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या तीन सदस्यांच्या आयोगात ते होते. तिथल्या लष्कराने कत्तल केलेल्या एल मोसोते गावात चर्चलगतच्या एका पडक्या खोलीतून त्या काळात १४३ सांगाडे निघाले, आणि त्यांतले १३१ बारा वर्षांखालच्या मुलांचे होते.